अन्नाची पारख

गिरणाकाठच्या भडगावात आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी जुन्या पिढीतील गृहिणी जिन्नस कसा पारखून घेत, ते पाहण्यासारखे असे. हळकुंड दोन बोटांत धरून त्या मोडीत आणि आतला रंग न्याहाळीत. तूप मनगटाच्या मागे चोळून त्याचा वास घेत. डाळीची मूठ उचलून तळहातावर पसरीत आणि खडा, किडका दाणा, परक्या धान्याचा दाणा क्षणात हेरून काढीत. तेलाचा तर प्रश्नच नसे. घरचे तीळ किंवा शेंगदाणे घाण्यावर नेऊन डोळ्यांदेखत तेल काढून आणायचे, अशी रीत होती. डोळा, नाक, जीभ आणि बोटे एवढीच त्यांची उपकरणे. त्या काळच्या व्यवहाराला ती पुष्कळशी पुरत असत.

पुढे व्यवहार पालटला. हळद दळलेली मिळू लागली, तेल डब्यांतून येऊ लागले, दूध आगगाडीने दूरच्या शहरांना जाऊ लागले. माल तयार करणारा आणि तो खाणारा यांच्यामध्ये शेकडो मैलांचे अंतर पडले. या अंतरात भेसळीला वाव मिळाला. हळदीच्या पुडीत कारखान्यातला पिवळा रंग मिसळला, तर डोळ्यांना ती हळद अधिकच उत्तम दिसते. दुधात फॉर्मॅलिनचे थोडे थेंब पडले, तर ते लवकर नासत नाही. गवळ्याचा तोटा टळतो आणि घेणाऱ्याला संशयही येत नाही. शाळेच्या प्रयोगशाळेत काचेच्या बरणीत बेडूक किंवा साप ठेवलेला असतो, तो ज्या द्रवात राहतो तेच हे फॉर्मॅलिन. आजीची उपकरणे येथे निरुपयोगी ठरतात. प्रयोगशाळेतील रसायनज्ञाला मात्र हे दोन्ही प्रकार सहज ओळखता येतात.

प्रयोगशाळा आणि स्वयंपाकघर यांच्यामधील हे अंतर ज्यांनी आपल्या विद्येने कमी केले, त्यांत डॉ. कमला सोहोनी यांचे नाव आदराने घ्यावे लागते.

कमलाबाईंचा जन्म १९११ साली इंदूर येथे भागवत घराण्यात झाला. त्यांचे वडील नारायणराव आणि चुलते माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ होते आणि दोघांचेही शिक्षण बंगळूरच्या विज्ञानसंस्थेत झाले होते. जमशेटजी टाटा यांच्या दूरदृष्टीतून १९०९ साली स्थापन झालेली ही संस्था, आणि तेथे जाऊन आपणही संशोधन करावे, ही आकांक्षा कमलाबाईंच्या मनात घरातल्या वातावरणामुळेच रुजली. मराठीतील विख्यात लेखिका आणि लोकसाहित्याच्या अभ्यासक दुर्गा भागवत या त्यांच्या थोरल्या भगिनी. एका बहिणीने लोककथा आणि लोकाचार यांचा धांडोळा घेतला, तर दुसरीने डाळी, दूध आणि झाडांचा रस यांच्या अंतरंगाचा. दोघींच्याही स्वभावात एक गुण समान होता. पटले नाही, तर समोर कितीही मोठी व्यक्ती असो, त्या माघार घेत नसत.

१९३३ साली कमलाबाई मुंबई विद्यापीठाच्या बी. एस्‌सी. परीक्षेत उत्तीर्ण झाल्या. रसायनशास्त्र हा त्यांचा मुख्य विषय आणि पदार्थविज्ञान हा दुय्यम. गुणानुक्रमे त्या विद्यापीठात पहिल्या आल्या होत्या. एवढे यश पदरी असताना बंगळूरच्या संस्थेत प्रवेश मिळण्यास अडचण पडेल, असे कोणालाही वाटले नसते. त्यांनी अर्ज केला आणि तो नाकारला गेला. कारण गुणांचे नव्हते. अर्ज करणारी व्यक्ती स्त्री होती, एवढेच कारण होते.

संस्थेचे संचालक त्या वेळी सर चंद्रशेखर वेंकट रामन हे होते. १९३० साली पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळवून त्यांनी भारताचे नाव जगभर केले होते. परंतु स्त्रियांना संशोधनाचे काम झेपेल, हे त्यांना मान्य नव्हते. थोर माणसांच्याही मनाचा एखादा कोपरा अंधारात राहून जातो, तो असा.

कमलाबाई घरी रडत बसल्या नाहीत. त्या बंगळूरला गेल्या आणि प्रवेश नाकारण्याचे सयुक्तिक कारण द्यावे, असा आग्रह त्यांनी संचालकांपुढे धरला. देशात तेव्हा गांधीजींच्या सत्याग्रहाचे वारे वाहत होते. कमलाबाईंच्या मनावरही गांधीजींच्या विचारांचा खोल ठसा होता. तोच मार्ग त्यांनी पत्करला आणि प्रवेश मिळेपर्यंत संचालकांच्या कार्यालयापुढून हलणार नाही, असा निश्चय केला. अखेर त्यांना प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिले वर्षभर त्यांना नियमित विद्यार्थिनी मानले जाणार नव्हते. त्यांच्या कामाविषयी संचालकांचे समाधान झाले, तरच त्या कामाला मान्यता मिळणार होती. शिवाय त्यांच्या वावरण्यामुळे तेथील पुरुष संशोधकांच्या कामात व्यत्यय येता कामा नये, अशीही एक अट होती. ही शेवटची अट ऐकून त्यांना काय वाटले असेल, याची कल्पना करणे कठीण नाही. तरीही त्यांनी सर्व अटी मान्य केल्या. संशोधनाचे दार उघडत होते. ते किती रुंद उघडले, याचा वाद त्यांनी त्या दिवशी घातला नाही.

संस्थेत श्रीनिवासय्या नावाचे शिक्षक त्यांना मार्गदर्शक म्हणून लाभले. ते शिस्तीचे कडक, पण विद्यार्थ्यांना मनापासून शिकवणारे होते. त्यांच्या हाताखाली कमलाबाईंनी दूध, डाळी आणि कडधान्ये यांतील प्रथिनांचा अभ्यास सुरू केला. गरिबाच्या ताटात मांस-अंडी क्वचितच येतात. त्याच्या शरीराला लागणारे प्रथिन मुख्यतः डाळीतून मिळते. ते किती आणि कोणत्या प्रकारचे असते, हे शोधणे म्हणजे देशातील बहुसंख्य लोकांच्या आहाराचाच शोध घेणे होते. वर्ष संपले तेव्हा रामन यांनी त्यांचे काम पाहिले आणि त्यांना नियमित विद्यार्थिनी म्हणून मान्यता दिली. पुढे त्या संस्थेत इतर मुलींनाही प्रवेश मिळू लागला. १९३६ साली कमलाबाईंनी एम. एस्‌सी. पदवी विशेष प्रावीण्यासह मिळवली. बंगळूरला झालेला अपमान मात्र त्या कधी विसरल्या नाहीत, आणि उतारवयातही तो बोलून दाखवण्यास त्यांनी संकोच केला नाही.

यानंतर शिष्यवृत्ती मिळवून त्या इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठात गेल्या. जीवनसत्त्वांच्या शोधाबद्दल ज्यांना १९२९ साली नोबेल पारितोषिक मिळाले होते, त्या सर फ्रेडरिक हॉपकिन्स यांची प्रयोगशाळा तेथे होती. तेथे प्रथम डेरेक रिश्टर आणि नंतर रॉबिन हिल यांच्या मार्गदर्शनाखाली कमलाबाईंनी काम केले. बटाट्यावर प्रयोग करीत असताना त्यांना असे आढळले की, प्राण्यांच्या पेशींत श्वसनक्रियेला साहाय्य करणारे सायटोक्रोम सी नावाचे द्रव्य वनस्पतींच्या पेशींतही असते. या शोधावर त्यांनी प्रबंध लिहिला. तो अवघ्या ४० पानांचा होता. इतरांचे प्रबंध शेकडो पानांचे असत. परंतु प्रबंधाचे मोल पानांवर ठरत नाही. केंब्रिजला पोहोचल्यापासून सुमारे १४ महिन्यांत त्यांचे हे काम पुरे झाले आणि १९३९ साली त्यांना पीएच. डी. पदवी मिळाली. विज्ञानात ही पदवी मिळवणाऱ्या अगदी आरंभीच्या भारतीय स्त्रियांत त्यांची गणना होते.

परदेशात राहून नाव मिळवणे त्यांना सहज शक्य होते. त्या मात्र त्याच वर्षी मायदेशी परतल्या. काही काळ त्यांनी दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र शिकवले आणि नंतर दक्षिणेत निलगिरी पर्वतातील कुन्नूर येथे पोषणविषयक प्रयोगशाळेत जीवनसत्त्वांवर संशोधन केले. १९४७ साली त्यांचा विवाह माधवराव सोहोनी यांच्याशी झाला आणि त्या मुंबईस आल्या. मुंबईच्या विज्ञानसंस्थेत जीवरसायनशास्त्राचा विभाग नुकताच सुरू झाला होता. तेथे त्या अध्यापिका झाल्या, आणि त्यांच्या आयुष्यातील महत्त्वाचे काम तेथेच घडले.

हे काम कशा प्रकारचे होते, हे वालाच्या उदाहरणाने चांगले समजते. वाल रात्रभर भिजत घालून, मोड आणून, सोलून आणि चांगले शिजवूनच खावे, असा आपल्याकडे रिवाज आहे. त्याचे कारण कोणी विचारीत नसे. कमलाबाई आणि त्यांचे विद्यार्थी यांनी वालासारख्या कडधान्यांतून एक द्रव्य वेगळे काढले. आपल्या आतड्यात ट्रिप्सिन नावाचा पाचकरस प्रथिनांचे पचन करतो. हे द्रव्य त्या रसाला अडवून धरते. म्हणून कच्चे कडधान्य पोटात गेले, तरी त्यातील प्रथिन पूर्णपणे अंगी लागत नाही. चांगले शिजवले म्हणजे या द्रव्याचा जोर बहुतांशी नाहीसा होतो. हा शोध १९५५ साली इंग्लंडमधील सुप्रसिद्ध 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. आजीबाईंच्या रिवाजामागे काय दडले होते, ते अशा रीतीने परीक्षानळीत दिसून आले.

नीरेवरील त्यांचे संशोधन याहून अधिक गाजले. ताडाच्या आणि शिंदीच्या झाडांना चीर देऊन रात्री मडके बांधतात आणि पहाटे त्यात गोळा झालेला गोड रस काढून घेतात, हीच नीरा. सूर्य वर आला की, ती आंबू लागते आणि तिची ताडी होते. आंबू नये म्हणून मडक्याला आतून चुना लावण्याची पद्धत आहे. नीरा पौष्टिक आहे, असे लोक म्हणत. पण लोक म्हणतात म्हणून शास्त्रज्ञ मानीत नाही. भारताचे पहिले राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून कमलाबाईंनी या विषयात लक्ष घातले आणि कित्येक वर्षे त्यावर काम केले. नीरेत आणि तिच्यापासून केलेल्या गुळात लोह आणि काही जीवनसत्त्वे असतात, असे त्यांच्या प्रयोगांतून दिसून आले. आदिवासी भागातील कुपोषित मुलांच्या आणि गरोदर स्त्रियांच्या आहारात नीरा घातल्यावर त्यांची प्रकृती सुधारली, असेही आढळले. या कार्याबद्दल त्यांना राष्ट्रपतींचे पारितोषिक मिळाले.

मुंबईकरांच्या दुधाचा प्रश्न त्या वेळी बिकट होता. शहरात ठिकठिकाणी म्हशींचे गोठे होते. तेथील अस्वच्छता, दुधात मिसळले जाणारे पाणी आणि उन्हाळ्यात नासणारे दूध, या सर्वांवर उपाय म्हणून गोरेगावजवळ आरे येथे सरकारने मोठी दुग्धवसाहत उभारली. १९५१ साली तिचे उद्‌घाटन झाले. दुधाचा दर्जा सुधारण्याच्या कामी आरे प्रकल्पाने कमलाबाईंचा सल्ला घेतला होता. दूध हे बालकांचे आणि रोग्यांचे अन्न. ते नासके असले, तर घेणाऱ्याच्या लक्षात तरी येते. पण नासू नये म्हणून त्यात काही घातले असले, तर ते लक्षातही येत नाही. येथेच परिरक्षकांचा, म्हणजे अन्न टिकवण्यासाठी घातल्या जाणाऱ्या द्रव्यांचा, प्रश्न उभा राहतो.

अन्न टिकवणे ही काही वाईट गोष्ट नव्हे. खानदेशातल्या घरांतून उन्हाळ्यात पापड वाळवतात, कैरीचे लोणचे मिठात आणि तेलात मुरवतात. मुरांबा साखरेमुळे टिकतो. मीठ, साखर, तेल, मसाले आणि ऊन हे आपले जुने परिरक्षक आहेत. कायदाही त्यांना आडकाठी करीत नाही. सरबते, मुरांबे यांसारख्या काही पदार्थांत बेंझोइक आम्ल किंवा गंधकाचा डायॉक्साइड वायू वापरण्यास परवानगी असते. पण किती आणि कशात, हे ठरवून दिलेले असते. फॉर्मॅलिन आणि बोरिक आम्ल यांना मात्र दुधात मुळीच थारा नाही. त्यांनी शरीराला अपाय होतो, हे एक कारण. दुसरे कारण असे की, ही द्रव्ये घाण झाकतात. गोठा स्वच्छ ठेवणे, भांडी उकळणे, दूध थंड ठेवणे या सर्वांना कष्ट आणि पैसा लागतो. दोन थेंब औषध टाकण्याला काहीच लागत नाही.

या द्रव्यांविरुद्धचा लढा अमेरिकेत फार पूर्वी झाला होता. हार्वे वायली नावाचे रसायनज्ञ तेथील शेतकी खात्यात होते. १९०२ साली त्यांनी १२ तरुण स्वयंसेवक निवडले आणि त्यांना रोज फुकट जेवण देण्यास आरंभ केला. अट एवढीच की, त्या जेवणात टाकणखार, फॉर्मॅलिन इत्यादी द्रव्ये क्रमाक्रमाने घातली जातील आणि ती त्यांनी जाणूनबुजून खावीत. स्वयंसेवकांना डोकेदुखी, पोटदुखी, ओकारी यांचा त्रास होऊ लागला. वर्तमानपत्रांनी या मंडळींना विषपथक असे नाव दिले. लोकमत खवळले आणि १९०६ साली शुद्ध अन्नाचा कायदा झाला. माणसांवर असे प्रयोग करणे आज कोणी मान्य करणार नाही. परंतु त्या तरुणांनी सोसलेल्या पोटदुखीमुळे पुढील पिढ्यांचे अन्न काहीसे निर्धोक झाले, हे नाकारता येत नाही.

भारतात सर्व देशासाठी अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा १९५४ साली झाला. त्याच्या जागी २००६ साली अन्न सुरक्षेचा नवा कायदा आला आणि तो २०११ पासून अमलात आहे. जुन्या कायद्यानुसार अन्न-निरीक्षक दुकानात जाऊन रीतसर पैसे देऊन नमुना विकत घेई, त्याचे तीन भाग करी आणि प्रत्येक भाग बाटलीत घालून मोहोर लावी. एक भाग सरकारी विश्लेषकाकडे तपासणीस जाई. उरलेले राखून ठेवीत, म्हणजे पुढे वाद निघाल्यास फेरतपासणी करता येई. व्यवस्था चोख होती, यात शंका नाही. पण निरीक्षक मूठभर आणि दुकाने अगणित. शिवाय विश्लेषकाचा अहवाल येईपर्यंत दिवस लोटत, आणि तोवर ते दूध पिऊन आणि ती हळद खाऊन झालेली असे.

मुंबईच्या विज्ञानसंस्थेत कमलाबाईंच्या वाट्याला पुन्हा एकदा जुनाच अनुभव आला. संचालकपदावर त्यांचा हक्क असूनही अंतर्गत राजकारणामुळे ते पद त्यांना सुमारे चार वर्षे मिळू दिले नाही. शेवटी त्या संस्थेच्या पहिल्या स्त्री संचालक झाल्या. बंगळूरला दार उघडायला सत्याग्रह करावा लागला, मुंबईत वाट पाहावी लागली. दोन्ही वेळा काम मात्र त्यांनी थांबवले नाही.

१९६६ साली मुंबईतील नऊ स्त्रियांनी एकत्र येऊन 'कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया' ही ग्राहकांची संस्था स्थापन केली. तो काळ टंचाईचा होता. पाऊस ओढ देत होता, धान्य महागले होते, आणि टंचाई आली की, तिच्यामागून भेसळ येतेच. वजनात मारले जाऊ नये, मालात फसवले जाऊ नये, यासाठी ग्राहकांनीच जागे व्हावे, असा या संस्थेचा प्रयत्न होता. ज्या वयात लोक विश्रांतीचा विचार करतात, त्या वयात कमलाबाईंनी या संस्थेच्या कामात स्वतःला झोकून दिले. संस्थेच्या 'कीमत' नावाच्या नियतकालिकातून त्या ग्राहकांच्या सुरक्षिततेविषयी लेख लिहीत. केंब्रिजची पदवी मिळवलेली आणि 'नेचर'मध्ये निबंध प्रसिद्ध करणारी विदुषी आता गृहिणींना कळेल अशा शब्दांत लिहू लागली. हे काम वाटते तितके सोपे नाही. विद्वानांसाठी लिहिताना अवघड शब्दांचा आधार असतो. येथे तो नसतो.

अन्नाची पारख घरच्या घरी करण्याच्या काही रीती आज सर्वत्र शिकवल्या जातात. त्यांतील काहींना पाण्याखेरीज काहीही लागत नाही. पेलाभर पाण्यात चमचाभर तिखट टाकावे. विटेची पूड मिसळली असेल, तर ती तळाशी बसते. काळी मिरी पाण्यात टाकावी. मिऱ्याचे भरीव दाणे बुडतात आणि पपईच्या वाळलेल्या बिया तरंगतात. चहाची पूड ओल्या टिपकागदावर पसरावी. वापरलेल्या चोथ्याला रंग देऊन ती बनवली असेल, तर कागदावर रंगाचे डाग उमटतात. दूध किंवा खवा यांत पिठूळ पदार्थ घातला असेल, तर आयोडीनचा एक थेंब टाकताच निळा रंग येतो. जखमेवर लावण्याचे आयोडीन पूर्वी पुष्कळ घरांत असे; त्याचा हा दुसरा उपयोग.

ज्या तपासण्यांना तीव्र आम्ल लागते, त्या मात्र शिक्षकांच्या देखरेखीखाली प्रयोगशाळेतच कराव्या लागतात. हळदीच्या पाण्यात मिठाच्या आम्लाचे, म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्लाचे, काही थेंब टाकले की, गुलाबी छटा येते. येथे घाई करणारा फसतो, कारण शुद्ध हळदीलाही तसा रंग येऊ शकतो. त्यात आणखी पाणी घालून पाहावे. रंग गेला, तर हळद खरी. रंग टिकला, तर त्यात मेटॅनिल पिवळा हा कापड रंगवण्याचा रंग आहे, असे समजावे. फॉर्मॅलिन असलेल्या दुधात परीक्षानळीच्या कडेने गंधकाम्ल हळूच सोडले, तर दोन द्रवांच्या सीमेवर जांभळे कडे दिसते.

बोरिक आम्लाच्या तपासणीत हळद स्वतःच परीक्षक होते. हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेला कागद घेतात. आम्ल मिसळलेल्या नमुन्यात तो भिजवून पुन्हा वाळवतात. नमुन्यात बोरिक आम्ल असेल, तर कागद तांबडा होतो, आणि त्यावर अमोनियाचा थेंब पडताच हिरवट निळा. आपल्या स्वयंपाकघरातील डब्यातली हळद अशा रीतीने दुधातला चोर पकडून देते.

तुपाची तपासणी याहून मौजेची आहे. तुपात वनस्पती तूप मिसळले, तर ते ओळखणे एके काळी फार अवघड होते. म्हणून सरकारने युक्ती केली. वनस्पती तूप बनवताना त्यात शेकडा ५ भाग तरी तिळाचे तेल घातलेच पाहिजे, असा नियम केला. तिळाच्या तेलाला आम्ल आणि साखर यांच्या संयोगाने किरमिजी रंग येतो. शुद्ध तुपाला येत नाही. भेसळ करणाऱ्याच्या मालात त्याच्याविरुद्धचा साक्षीदार असा आधीच बसवून ठेवलेला होता.

१९८२-८३ या वर्षी कमलाबाई संस्थेच्या अध्यक्षा झाल्या. त्या वेळी त्यांनी सत्तरी ओलांडली होती. ग्राहक संरक्षणाचा कायदा अजून व्हायचा होता. तो १९८६ साली झाला. त्यामुळे ग्राहकाची तक्रार ऐकायला स्वतंत्र न्यायमंचही नव्हते. जी काही शक्ती होती, ती माहितीची आणि एकजुटीची.

आयुष्याच्या अखेरीस त्यांच्या कार्याची देशाला पुन्हा आठवण झाली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने दिल्लीत त्यांचा सत्कार आयोजित केला. जिच्या अर्जाला एकदा स्त्री म्हणून नकार मिळाला होता, तिचा गौरव करण्यासाठी देशातील शास्त्रज्ञांनी सभागृह भरले होते. त्या समारंभातच कमलाबाई अकस्मात कोसळल्या, आणि त्यानंतर लवकरच त्यांचे देहावसान झाले. ते वर्ष होते १९९८.

त्याच वर्षी पावसाळ्यात त्याच दिल्लीत एक भयंकर साथ आली. माणसांचे पाय सुजू लागले, धाप लागू लागली, हृदये निकामी होऊ लागली. हजारो लोक आजारी पडले आणि साठांहून अधिक दगावले. शोध घेता मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या बियांचे तेल मिसळलेले आढळले. काटेरी पानांचे आणि पिवळ्या फुलांचे हे झाड पडीक रानात आणि वाटेच्या कडेला उगवते. त्याचे बी मोहरीसारखेच काळे आणि बारीक असते. डोळ्यांना दोहोंतला फरक सहजी कळत नाही आणि तेलात तर मुळीच कळत नाही. परीक्षानळीत ते तेल घेऊन त्यात तेवढेच नायट्रिक आम्ल घालून हलवले, म्हणजे तळाशी बसणाऱ्या आम्लाच्या थराला तांबूस रंग येतो. या तपासणीला काही मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही.